चैत्र वद्य पंचमी कोणाची? इंदूरच्या एका लहान शाळेचं बातमीपत्र नी त्यातला घोळ

आमच्या शाळेचं नाव मी इथे लिहीत नाहीये, कारण जो घोळ झाला तो बराचसा माझ्याच हातून झाला आणि शाळेला उगाच कशाला बोल लावायचा. एवढं सांगते की शाळा जुन्या इंदुरात आहे, राजवाड्यापासून पायी वीसेक मिनिटं, ट्रस्टची, आठवीपर्यंत, मुलं दीडशेच्या आतबाहेर. मी तिथलीच माजी विद्यार्थिनी, आता माझा मुलगा चौथीत, आणि घरी कॉम्प्युटर आहे या एका गुणावर शाळेचं बातमीपत्र टाइप करायचं काम तीन वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे.

आमच्या वेळेला वर्गात पाऊणहून जास्त मुलं मराठी घरांतली असायची. आता उलटं झालंय, मराठी कुटुंबं सुदामा नगर, वैशाली नगर आणि त्याच्याही पुढे बायपासकडे गेली आणि शाळेच्या आजूबाजूला जी राहतात ती जास्त करून हिंदी बोलणारी घरं. फी कमी, बाई चांगल्या, म्हणून ते मुलं आमच्याकडे घालतात नी त्यांची मुलं मराठी विषय म्हणून शिकतात, छान शिकतात, माझ्या मुलापेक्षा तरी शुद्धलेखन बरंच म्हणायचं. बातमीपत्र मात्र या घोळापर्यंत पूर्ण मराठीतच निघायचं. ते ट्रस्टच्या सचिवांचं, म्हणजे आमच्या काकांचं म्हणणं, आणि त्यावर कोणी कधी वाद घातला नव्हता.

ही गोष्ट २०२५ च्या फाल्गुन अंकाची. अंक म्हणजे काय तर एक कागद, मधे घडी, चार पानं. पहिल्या दोन पानांवर झालेल्या बातम्या: शिवजयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन नी त्या दिवशीची पाठांतर स्पर्धा, २८ ला विज्ञान दिन, पाचवी-आठवीच्या बोर्ड पॅटर्नच्या परीक्षेला मुलं कशी गेली वगैरे. त्यात अहिल्याबाईंच्या प्रदर्शनाची बातमी पण होती, कारण ३१ मे २०२५ ला त्यांच्या जन्माला ३०० वर्षं पूर्ण होणार म्हणून मुलांनी आधीपासूनच चार्ट केले होते. या चार्टकडे मी परत येणार आहे, तिथे आम्हाला इशारा मिळाला होता नी आम्ही तो चक्क लाल पेनने खोडला.

तिसऱ्या पानावर येणारे कार्यक्रम. रंगपंचमीची सुट्टी, पाडव्याची गुढी, १ एप्रिलला नवीन सत्र, आंबेडकर जयंतीच्या आधी मोठ्या मुलांना महूला नेणं (१४ तारखेला तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणून आधी), आणि सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू, त्याच दिवशी पालक मेळावा नी बक्षिसं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, मुली चैत्रांगण काढतात, शाळेत एवढी गर्दी वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी होत नाही. चौथ्या पानावर चौकटीत फी सवलतीच्या अर्जाची सूचना.

काका मजकूर हाताने लिहून देतात, सुंदर अक्षरात, आणि ते तिथीने चालणारे गृहस्थ आहेत. त्यांनी हळदीकुंकवाला लिहिलं होतं, "चैत्र वद्य पंचमी, दुपारी ४", आणि बाजूला पेन्सिलने "१८ एप्रिल, शुक्र." त्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी असल्यामुळे पालकांना यायला सोपं, हा हिशोब. सवलतीच्या चौकटीत लिहिलं होतं, "अर्ज फाल्गुन अखेरपर्यंत कार्यालयात द्यावेत." तिथे पेन्सिलने काही नव्हतं.

मी तीन रकान्यांचा तक्ता केला, कार्यक्रम, तिथी नी वेळ, तारीख नी वार. पान लीगल साइजला सेट होतं आणि झेरॉक्सवाल्याने ए-फोरवर काढलं, त्यामुळे उजवीकडचा रकाना कापला गेला. आता खरं सांगते, मी ते दुकानातच बघितलं होतं. संध्याकाळचे साडेसात झाले होते, मुलगा स्कूटरवर पुढे उभा राहून भूक लागली म्हणत होता, दीडशे कॉप्या निघून गेल्या होत्या आणि माझ्या मनात आलं की जाऊ दे, तिथी तर आहे ना, कॅलेंडर सगळ्यांच्या घरी असतंच. व्हॉट्सॲपवर टाकला तो पण त्याच कागदाचा फोटो.

कॅलेंडर सगळ्यांच्या घरी असतं हे खरंच आहे, फक्त एकच नसतं.

१९ मार्च

त्या वर्षी रंगपंचमी बुधवारी आली. बाहेरच्या लोकांना सांगते, इंदुरात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, जिल्ह्यात सुट्टी असते आणि टोरी कॉर्नरकडून राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, टँकरवर पंप लावून चार-पाच मजले उंच रंग उडवतात, गुलालाने आकाश दिसत नाही. दुपारनंतर गेर संपली की नगर निगमच्या गाड्या लगेच रस्ते धुवायला येतात आणि चार वाजेपर्यंत रस्ते असे होतात की सकाळी इथे काही झालं असेल असं वाटूच नये.

मी घरी केसातला हिरवा रंग काढत बसले होते. सव्वाचारला शाळेच्या मावशींचा फोन, त्या शाळेच्या आवारातच राहतात. म्हणाल्या, ताई, गेटवर माणसं आलीत, हळदीकुंकू कुठे आहे विचारतायत.

मला वाटलं रंग खेळलेल्या पोरांपैकी कोणी थट्टा करतंय. पण मावशी म्हणाल्या, नाही हो, साड्या नेसून आल्यात. मी तशीच ओल्या केसांनी स्कूटर काढली.

चार घरांतली माणसं होती. तीन आया आणि एक आजी, त्यांना दादी म्हणते कारण सगळे तेच म्हणतात. दादींनी नवी कोरी पिवळी साडी नेसली होती, पदराला एका बाजूला गुलाबी डाग, येताना कोणीतरी फुगा मारला होता, आणि त्यांच्या हाताला धरून नातू, केस चापूनचोपून, शाळेचा गणवेश इस्त्री केलेला. हा मुलगा पाठांतर स्पर्धेत त्याच्या गटात पहिला आला होता. घरी कोणाला मराठी येत नाही, याने दादींसमोर रोज म्हणून म्हणून पाठ केलेलं, त्यामुळे अर्थ न कळता दादींना पण अर्धं पाठ झालेलं. शेजारणीला बरोबर घेऊन त्या बक्षीस बघायला आल्या होत्या.

मी काय केलं? मी आधी त्यांचीच चूक काढली. म्हणजे आवाज गोड होता पण बोलले ते हेच, की दादी, हळदीकुंकू चैत्रात आहे, आणि चैत्र तर अजून लागला पण नाही.

दादींनी माझ्याकडे असं बघितलं की जसं मी म्हणाले असेन सूर्य अजून उगवला नाही. म्हणाल्या, "बेटा, चैत लगे को पाँच दिन हो गए."

आणि बाजूच्या आईने मोबाईल काढून त्यांच्या घरच्या भिंतीवरच्या लाला रामस्वरूपच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. १९ मार्च, बुधवार, चैत्र कृष्ण पंचमी, रंगपंचमी. वद्य म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी गल्लीतल्या पंडितजींना विचारलं, ते म्हणाले वद्य म्हणजे बदी, म्हणजे कृष्ण पक्ष. अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. त्यांना हेही विचित्र वाटलं नाही की शाळा रंगपंचमीच्याच दिवशी कार्यक्रम का ठेवेल, कारण इंदुरात सगळ्यांना वाटतं रंगपंचमी हा होळकरांनी आणलेला, मराठी लोकांचाच सण, तर मराठी शाळा त्या दिवशी काहीतरी करणारच. चार वाजताची वेळ पण बरोबर बसत होती, गेर संपल्यावर.

अंकात वर रंगपंचमीची सुट्टी वेगळी छापलेली होती ना? होती. पण तिच्यापुढे "फाल्गुन वद्य पंचमी" लिहिलेलं होतं, आणि ते वाचून त्यांना वाटलं होतं की ती मागच्या महिन्यातली काहीतरी सुट्टी, होऊन गेली.

मावशींनी सगळ्यांना पाणी दिलं, मी माफी मागितली. नातू काही बोलला नाही. गेटच्या जाळीतून आत स्टेजकडे बघत होता फक्त, जिथे काही नव्हतं.

दोन पंधरवडे

आता हे काय आहे ते सांगते, कारण माझ्यासारख्या इंदुरात जन्म काढलेल्या बाईला पण हे धड माहीत नव्हतं, आणि त्या रात्री गणिताच्या सरांना फोन केला तेव्हा कळलं.

महाराष्ट्रात, गुजरातेत आणि खाली दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी महिना अमावस्येला संपतो, त्याला अमांत म्हणतात. आधी शुक्ल पक्ष, मग वद्य पक्ष. आपल्या मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात, राजस्थान, बिहारकडे महिना पौर्णिमेला संपतो, पूर्णिमांत. आधी कृष्ण, मग शुक्ल. चंद्र एकच, तिथी एकच, सण त्याच दिवशी. फक्त वद्य पक्षाला महिन्याचं नाव वेगळं लागतं. शुक्ल पक्षात दोघांचं नाव जुळतं म्हणून गुढीपाडवा, रामनवमी, गणेश चतुर्थी, दसरा कशातच कधी भांडण होत नाही नी आपल्याला वाटतं की सगळं एकच आहे. वद्य पक्ष आला की त्यांचं नाव एक महिना पुढे असतं.

महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, त्यांच्याकडे फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. गोकुळाष्टमी आपली श्रावणात, त्यांची भादव्यात, आणि दोघं जागतात एकाच रात्री. होळीची पौर्णिमा झाली की त्यांचा फागुन संपला, चैत लागला. आपला फाल्गुन मात्र अमावस्येपर्यंत चालूच. यातली गंमत म्हणजे नवीन वर्ष दोघांचं चैत्र शुक्ल प्रतिपदेलाच लागतं, त्यामुळे त्यांच्याकडे अर्धा चैत्र जुन्या वर्षात नी अर्धा नव्या वर्षात. हे ऐकून मी सरांना म्हटलं हे काय विचित्र, तर सर म्हणाले, त्यांना विचारलं तर ते म्हणतील पौर्णिमा झाली तरी महिना संपत नाही हे काय विचित्र.

म्हणजे आमची चैत्र वद्य पंचमी १८ एप्रिलला, जी त्यांच्याकडे वैशाख कृष्ण पंचमी. आणि त्यांची चैत्र कृष्ण पंचमी १९ मार्चला, जी आपली फाल्गुन वद्य. बरोब्बर एका महिन्याचं अंतर, आणि छापलेले शब्द दोघांच्याही हिशोबाने खरे.

मी हे बडोद्याला आतेबहिणीला सांगितलं तर ती हसली, म्हणाली आमच्याकडे असं होणारच नाही, गुजराती पण अमांतच. त्यांचं वर्ष कार्तिकात लागतं ती वेगळी भानगड, पण महिने जुळतात. हा प्रॉब्लेम इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचाच आहे, जो हिंदी पंचांगाच्या मधोमध राहून घरात मराठी कॅलेंडर लावतो. आणि बघा, दर वर्षी शेजारच्या भाभींचा सावन आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, उज्जैनला महाकालाची सवारी श्रावण-भाद्रपद असा दीड महिना धरून निघते, हे सगळं लहानपणापासून बघितलेलं, "त्यांचा श्रावण" "आपला श्रावण" असं आपण सहज बोलतो पण. तरी टाइप करताना डोक्यात आलं नाही.

आता ते चार्ट. फेब्रुवारीत अहिल्याबाईंच्या प्रदर्शनात एका मुलीने लिहिलं होतं, पुण्यतिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. दुसऱ्या मुलाने, मराठी घरातला, लिहिलं श्रावण वद्य चतुर्दशी. १३ ऑगस्ट १७९५. दोन्ही बरोबर. इंदुरात पालखी निघते ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणूनच जाहीर होते. पण तपासताना मुलीच्या चार्टवरच्या भाद्रपदावर लाल काट मारली गेली नी वर श्रावण लिहिलं गेलं. कोणी मारली ते नाही लिहीत. मुलीने काही म्हटलं नाही, घरी जाऊन पण नाही. त्याच वेळी कोणी एक मिनिट थांबून विचारलं असतं, की बाळ, हे तू कुठून लिहिलंस, तर मार्चची गोष्ट झालीच नसती बहुतेक.

फाल्गुन अखेर

दादींचं प्रकरण सगळ्यांना दिसलं कारण ते गेटवर झालं. दुसरं जे झालं ते आठवडाभर कोणाला कळलंच नाही, आणि माझ्या मते तेच जास्त वाईट.

सवलतीच्या अर्जाला आय प्रमाणपत्र, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, लागतं. ते लोक सेवा केंद्रातून काढावं लागतं, त्याला दिवस लागतात. पाचवीतल्या एका मुलीच्या वडिलांची लोडिंग रिक्षा आहे, त्यांनी अर्ज टाकला होता आणि प्रमाणपत्र हातात आलं १७ मार्चला. त्यांनी आमचा कागद काढून बघितला, "फाल्गुन अखेरपर्यंत." घरात विचारलं. फागुन तर होळीला संपला, १४ तारखेला. म्हणजे तीन दिवस उशीर.

आमच्या हिशोबाने फाल्गुन २९ मार्चपर्यंत होता. त्यांच्या हातात अजून बारा दिवस होते.

ते विचारायला आले नाहीत. मला आधी याचाच राग आला होता, की अरे, एक फोन करायचा ना. पण नंतर विचार केला, की ज्याला सवलत मागायची आहे तो माणूस तारीख गेल्यावर येऊन हात जोडेल का? काही जण जोडतात. हे त्यातले नव्हते. २० तारखेला ते आले ते टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागायला. ऑफिसात विचारलं कारण काय, ते म्हणाले घराजवळच्या शाळेत घालतोय. क्लार्कने रजिस्टरवर तेच लिहिलं. टीसी दिला गेला. प्रमाणपत्राबद्दल ते बोलले नाहीत नी ऑफिसनेही विचारलं नाही.

हे कळलं ते मीटिंगमध्ये, त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका आईकडून, आणि तेही जाता जाता.

शनिवारची मीटिंग

२२ मार्चला बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका बाईंनी, सगळ्यांना बोलावलं. काका, गणिताचे सर, मी, आणि गेटवर आलेल्यांपैकी दोन आया. पोहे मागवले होते, कोणी नीट खाल्ले नाहीत, काकांनी तर शेव पण घेतली नाही म्हणजे बघा.

मी आधीच सांगून टाकलं की तारखेचा रकाना कापला गेला ते मला दिसलं होतं. वाटलं यावरच सगळं संपेल, झेरॉक्सची चूक, पुढच्या वेळी साइज नीट ठेवू. काकांना पण तेच हवं होतं. पण सर म्हणाले, थांबा, चौकटीत तर तारीख मुळातच नव्हती. आणि अंक छापायच्या आधी किती जणांनी वाचला? तीन जणांनी. काका, बाई, मी. तिघांच्या घरी कोणतं कॅलेंडर? कालनिर्णय. मग तिघांनी वाचला काय नी तिनशे जणांनी वाचला काय.

हे मला फार पटलं. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो. "हळदीकुंकू"ची वेलांटी बरोबर आहे का यावर बाईंचं नी काकांचं दहा मिनिटं चाललं होतं, मला आठवतंय. आणि ज्यांच्यासाठी अंक आहे त्यांच्यातल्या एकाही माणसाने तो छापायच्या आधी वाचला नव्हता.

काका चिडले. त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते वेडे नाहीत. ते म्हणाले, अगं, शाळेत आता मराठी राहिलंय किती? मुलं हिंदी बोलतात, बाई हिंदीत रागावतात, पालक सभा हिंदीत. हा एक कागद महिन्यातून एकदा मराठीत निघतो, त्यातून तिथी पण काढली तर मग नुसती नोटीस राहील, कोणत्याही शाळेची. तिथी पाहून मुलं घरी विचारतील, कॅलेंडर बघतील, तेवढंच.

त्यावर आलेल्यांपैकी एक आई बोलली, हिंदीतच, मी मराठीत सांगते. ती म्हणाली, काकाजी, मुलाने विचारलं आणि आम्ही कॅलेंडर बघितलंच की. म्हणूनच तर आलो. ज्यांनी बघितलं नाही ते घरी झोपले होते.

यावर काका गप्प झाले. मलाही हसू आलं नी लगेच वाईट वाटलं, कारण खरंच, जी चार घरं आली तीच सगळ्यात मन लावून वाचणारी घरं होती. बाकीचे ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळे.

मग त्या आईने जाता जाता रिक्षावाल्यांच्या मुलीचं सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. वडील नीट बोलले, रागावले नाहीत, म्हणाले मॅडम, तिकडे फी भरली आता, आणि पुस्तकं पण घेतली. बाई म्हणाल्या आम्ही मुदत वाढवतो. ते म्हणाले, अब रहने दीजिए. ट्रस्टने तरी अर्जाची तारीख ५ एप्रिलपर्यंत केली, त्यात इतर दोन अर्ज आले. ती मुलगी गेली ती गेली. भाद्रपदावर जिच्या चार्टला लाल काट बसली ती मुलगी हीच होती, हे मला आणखी नंतर कळलं.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतला घोळ

सोमवारी सुधारलेली सूचना काढायची ठरली. मी हुशारी करून दोन्ही नावं घातली: "१८ एप्रिल, शुक्रवार, चैत्र वद्य पंचमी / वैशाख कृष्ण पंचमी." मला वाटलं सगळ्यांचं समाधान. यावेळी छापायच्या आधी गेटवरच्या मावशींना नी त्याच दोन आयांना वाचायला दिलं. एकीने वाचलं नी विचारलं, हे दोन कार्यक्रम आहेत का, एक चैत्रात नी एक वैशाखात?

म्हणजे परत खोडलं. शेवटी जे केलं ते अगदी साधं. तक्त्यात पहिल्या रकान्यात तारीख नी वार, ठळक. मग वेळ. मग कार्यक्रम. तिथी तक्त्यातून बाहेर. शेवटच्या दिवसाला, म्हणजे अर्ज, फी, टीसी असलं काही असेल तिथे, फक्त तारीख, दुसरं काहीही नाही. ज्याने पैशाचा किंवा प्रवेशाचा प्रश्न येतो ती ओळ हिंदीतही. आणि व्हॉट्सॲपवर फोटोबरोबर बाईंच्या आवाजात एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, कारण आमच्या निम्म्या आज्या वाचत नाहीत, ऐकतात.

तिथीसाठी सरांनी वेगळीच गोष्ट काढली. सहावी-सातवीच्या मुलांकडून कार्डशीटच्या दोन लांब पट्ट्या केल्या, एकीवर मराठी महिने, एकीवर हिंदी महिने, प्रत्येक पंधरवडा वेगळ्या रंगाचा, आणि दोन्ही एकाखाली एक लावल्या की शुक्ल पक्ष खाली-वर जुळतात नी वद्य पक्षात नाव सरकलेलं दिसतं. ती व्हरांड्यात लागली आहे. मुलं रोज त्यावर त्या दिवसाची चिमटी सरकवतात. बातमीपत्रात शेवटच्या पानावर तिच्यावरून "या महिन्याच्या तिथी" अशी छोटी चौकट येते. काकांना ती चौकट लहान वाटते. प्रत्येक अंकाला म्हणतात, थोडी मोठी कर. मी करत नाही.

छपाईचं म्हणाल तर मी आता झेरॉक्सच्या दुकानात पहिली एक कॉपी काढून बघते नी मगच बाकीच्या. हे खरं तर कोणालाही सुचायला हवं होतं.

१८ एप्रिल

हळदीकुंकू चांगलं झालं. ऊन मरणाचं होतं, पन्हं तासाभरात संपलं, मावशींनी परत केलं. १९ मार्चला आलेल्या चारांपैकी दोन घरं आली, त्या आया मीटिंगलाही होत्या. तिसरं घर का नाही आलं माहीत नाही. हिंदी घरांतल्या बायका मागच्या वर्षीपेक्षा जास्त होत्या असं बाई म्हणतात, मला तसं खास वाटलं नाही, मोजलं कोणीच नव्हतं.

दादी आल्या नाहीत. खरमास, म्हणजे त्यांच्याकडे लग्नं न करायचा महिना, १४ एप्रिलच्या सुमारास संपतो नी यांच्याकडची लग्नं लगेच सुरू होतात, सगळं घर देवासकडे कुठल्या लग्नाला गेलेलं. पाठांतराच्या गटाचं नाव पुकारलं, कोणी उठलं नाही, बाईंनी पुस्तक नी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं. मी ते पिशवीत घातलं.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर तेच कॅलेंडर, फोटोत बघितलेलं. नातू खेळायला गेला होता, त्याला हाक मारून आणलं, मातीच्या हाताने घेऊ नको म्हणून दादींनी आधी हात धुवायला लावले. मग त्याने तिथेच उभं राहून सगळं म्हणून दाखवलं, न अडखळता, नी मधे दोन ठिकाणी दादींचे ओठ पण हलत होते. पिवळ्या साडीचा डाग निघाला का विचारायचं मनात होतं, नाही विचारलं.

निघताना दादी म्हणाल्या, सावन में कुछ करो तो पहले बता देना, तुम्हारा वाला कि हमारा वाला. मी म्हटलं सांगते की, आत्ताच सांगते, आणि त्यांच्या कॅलेंडरचं जुलैचं पान वर केलं. ११ ला त्यांचा लागतो, २५ ला आमचा. दादींनी पेन दिला, मी दोन्ही तारखांना गोल केला, आणि नातवाने २५ च्या बाजूला मराठीत लिहिलं, "शाळेचा."